मंडळी सोडण्याबाबत

ती. वन्सं यांस सलाम.

गुडघे कसे आहेत ते कळवा. मागच्या वेळी तेल पाठवलं होतं ते चोळता, की नुसतं कपाटात ठेवून बघता? (बघून गुडघे सुटत नाहीत.) आम्ही इकडे ठीक आहोत. फक्त तुमच्या भावाने मला टाकलं अशी बाजारभर बातमी आहे. ती तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगते.

तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, वर्षभरापासून मोबाइलवर चिंतनाचे व्हिडिओ काढायचं वेड लागलंय. विषय ठरलेला, आपला विश्वास आणि आजची संस्कृती. जागाही ठरलेली, माझं स्वयंपाकघर, कारण उजेड तिथे बरा पडतो. म्हणजे कुकर बंद, पंखा बंद, नळ बंद, आणि मी तोंड बंद करून भाजी निवडायची. माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, शेजारच्याची विचारपूस करत नाहीत, असं हे मोबाइलमध्ये डोकं घालून सांगतात, आणि दारात शेजारीण आली तर तिला हाताने हाकलतात. बोलतात मात्र चांगलं, खोटं कशाला सांगू. कुठकुठली माणसं ऐकतात आणि अंगठा दाखवतात. (आमच्या वेळी अंगठा दाखवला की माणूस फसला म्हणायचे. असो.)

तर गेल्या आठवड्यात शिंपीणबाईंकडे ब्लाउज आणायला गेले, त्यांनी शिलाईच घेतली नाही. वर पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं पुढचं माप घेतायत. दूधवाल्याने मान खाली घालून दूध ओतलं. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी तर जिन्यात गाठून सांगितलं की काही झालं तरी घर सोडू नका आणि कशावर सही करू नका. मी म्हटलं, बाई, झालंय काय ते तरी कळू दे. मग त्यांनी ह्यांचं चिंतन लावून दाखवलं. डोळ्यांत पाणी आणून हे जगाला सांगत होते, "माझी मंडळी थंड पडली आहे. नव्या जमान्याशी तिला बोलता येत नाही. मी बोलायला लागलो की ती झोपते. कधी कधी वाटतं, तिला सोडून दुसरीकडे जावं."

आता आपल्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. बाहेरच्या लोकांत मंडळी म्हणजे घरची बायको. हे वकीलबाईंना समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली. त्यांना वाटलं, बिचारी अजून नवऱ्याला पाठीशी घालतेय. मी पोट धरून हसले. पण घराचं कुलूप काढताना ते शेवटचं वाक्य परत आठवलं आणि हसू गेलं. दुसरीकडे म्हणजे कुठे?

खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा चिंतनवाल्या कंपनीने बोलावलंय. रोज कॅमेऱ्यासमोर बसायचं. चर्च नाही, आजारी नाहीत, मयत नाही. महिनाअखेर उत्तर द्यायचंय आणि मला पत्ता नाही. वर मलाच समजावतात, "अगं, ते मी मंडळीबद्दल बोललो, तुझ्याबद्दल नाही."

"मग मी कुठे बसते? त्याच मंडळीत, दुसऱ्या बाकावर."

तर म्हणतात, इथे चार-दोन म्हातारी माणसं येतात आणि झोपतात. मी म्हटलं, झोपू द्या. एकट्या घरात त्यांना झोप लागत नाही, तुमच्या आवाजाने लागते, ही काय थोडी सेवा झाली? (हे ह्यांना झोंबलं. झोंबू दे.)

दुसऱ्या दिवशी दंडाला धरून मंडळीतल्या सुतारबाबांकडे नेलं. पाय मोडून पडलेत, उठता येत नाही. म्हटलं, जे मोबाइलला सांगता ते ह्यांना सांगा. ह्यांनी खुर्ची ओढली आणि आजची संस्कृती, माणसाचं एकटेपण, सगळं सांगितलं. सुतारबाबा झोपले नाहीत. (झोपणार कसे, पाठ सोलवटली होती.) शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "साहेब, पटलं सगळं. आता मला जरा त्या कुशीवर कराल का?" ह्यांनी केलं. आधी चुकीच्या कुशीवर, मग शिव्या खाऊन बरोबर.

संस्कृती आजारी आहे असं हेच सांगतात ना? मग आजाऱ्याला टाकून कोणी जातं का? ह्यांना जायचं तर जाऊ दे, मी इथून हलायची नाही. चर्चची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी दार उघडून बसेन, उपदेश नसला तर नसला.

कळावे,
तुमची भावजय

ता. क. हे शुक्रवारी तुमच्याकडे येतील. सहज आलो म्हणतील. सहज काही नाही, सल्ला हवाय. आई गेल्यावर तुम्ही ह्यांना वाढवलंत, तुम्ही जा म्हणालात तर जातील. जा म्हणू नका. माझी विनंती एवढीच, बाकी सगळं भारूड.

ता. ता. क. पत्र टपालाने पाठवत नाही, ह्यांच्याच पिशवीत ठेवते. पाकीट मुद्दामच चिकटवलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे पाळकाला कळतं, पण बस लांबची आहे.

तर अहो, इथवर वाचलंत ना? मग त्या माउलीला कशाला कोड्यात टाकता. जे काय उत्तर असेल ते माझ्या तोंडावर येऊन द्या. पुढच्या थांब्यावर उतरा आणि परतीची बस धरा.