मूल्यमापन चालू असताना चादरी वाळू देण्याबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
पाणीटाकी संदेशजाळे कक्ष, दुसरा मजला.

विषय: गच्चीवरील लॉजच्या चादरींना वाळण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कक्षाची तोंडी सूचना, "कुणी काहीही हलवू नका."

महोदय,

१. अर्जदार हा कोपऱ्यावरील लाँड्रीचा चालक असून लॉजचे धुतलेले कपडे आपला कक्ष असलेल्या इमारतीच्याच गच्चीवर वाळत घालतो. ऊन हेच त्याचे भांडवल. त्याच गच्चीच्या कठड्यावर आपण एक लहान पेटी बसवली आहे. गल्लीतल्या प्रत्येक टाकीवर अशी पेटी आहे. ती पाण्याची पातळी मोजते. इवल्याशा सेलवर वर्षानुवर्षे जगायचे म्हणून ती ओरडत नाही. शेजारच्या पेटीच्या कानात बिनतारी कुजबुजते, ती पुढचीच्या, आणि असा हातोहात निरोप कक्षात पोहोचतो.

२. निरोपाला वाट दाखवण्याच्या दोन रीती आपण तपासत आहात. पहिली कमीत कमी हातांतून जाणारी. दुसरी, हात जास्त लागले तरी चालतील पण निरोप सांडू नये अशी. किती निरोप पोहोचले, किती उशिरा, सेल किती खाल्ला, हे पाहून निकाल लागणार. येथवर अर्जदाराची तक्रार नाही.

३. पहिल्या रीतीची चाचणी झाली त्या दुपारी गच्चीवर लॉजच्या ओल्या चादरी होत्या. दुसरी रीत पेट्यांत भरायला कक्षाला वेळ लागला. मधल्या काळात चादरी वाळल्या, कारण वाळणे हा त्यांचा स्वभाव. तेव्हा आपल्या अभियंताबाई धावत वर आल्या. "काका, ओलं कापड पेटीचा आवाज पितं. एकीला ओल्या चादरी नि दुसरीला कोरड्या, मग तुलना कसली? दोघींना सारखाच त्रास पाहिजे!" तेव्हापासून चादरी कोरड्या दिसल्या की बाई स्वतः झारी घेऊन येतात.

४. पहिल्या चाचणीच्या त्याच दुपारी अर्जदाराची आत्या पेटीशेजारी स्टुलावर न्हाऊन केस वाळवत बसली होती. माणसाचे अंगही पाण्याचेच, सबब आत्याही मूळ जागी हवी, आणि केस ओले. आत्याला सर्दी झाली. पण पेटीवर तिचा जीव जडला आहे. ती तिच्याशी गुणगुणते:

कुजबुज गं कानात, माझ्या लेकी, तू हळू
निरोप नेता नेता, नको वाटेत गं ढळू

अर्जदाराची पत्नी, जी बाईंच्या झारीसाठी रोज पाणी वर वाहून थकली आहे, म्हणाली, "आत्याबाई, पेटीला गाणं, आणि माझ्या पाठीला?" आत्या म्हणाली, "तुझी पाठ निरोप पोचवते का?" घरात तेव्हापासून अबोला आहे. दोघींमधले निरोप अर्जदार पोचवतो. तोही पुष्कळदा सांडतो.

५. लॉजमालक जिन्यातून ओरडून गेले: "अहो, माझी माणसं पडद्यांवर झोपताहेत!" आता पडदेही मळून धुण्यास आले आहेत. परंतु गच्चीवर एक जरी कापड वाढले तरी मूल्यमापन बिघडते, म्हणून ते अर्जदाराच्या पलंगावर पडून आहेत आणि अर्जदार जमिनीवर. सोमवारपर्यंत चादरी न मिळाल्यास मालक सगळे काम दुसऱ्या लाँड्रीला देणार आहेत. लॉजखेरीज अर्जदाराला मोठे गिऱ्हाईक नाही.

६. काल एकदाची दुसरी चाचणी झाली. घरात आनंद झाला. आज सकाळी बाई डोळे पुसत आल्या: दोन्ही रीतींची बरोबरी झाली, सबब सर्व पुन्हा, पहिल्यापासून. "होणारच की!" पत्नी म्हणाली. "सारखा त्रास दिलात, सारख्याच रडल्या." यावर बाईंनी झारी खाली ठेवली व पायरीवर बसून राहिल्या. पत्नीने त्यांना पडद्यावर जागा करून दिली. त्या झोपल्या आहेत.

तरी विनंती की, त्यांना जाग येण्यापूर्वी, आजच्या एका दुपारपुरते चादरींना वाळू द्यावे. नंतर पुढील चाचणीस अर्जदार स्वतः ओले कपडे घालून, आपण सांगाल त्या जागी, हात पसरून उभा राहील. रुंदीला तो एका चादरीएवढा भरतो. उरलेल्या चादरींच्या जागी मेहुणे येतील.

होकाराचा निरोप कृपया पेट्यांमार्फत पाठवू नये. खालून हाक मारावी. ऊन उतरते आहे.

आपल्या एका 'हो'ची वाट पाहणारा,
(सही)
लाँड्रीचालक

दिनांक: आजचाच, ऊन अजून आहे

सोबत: ओली चादर, एक. (कृपया इतर अर्जांवर ठेवू नये.)