नातीच्या तक्त्यावरची तुमची बाजू

गुरुजी,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. त्यामुळे तुमच्या मातीला काय, दहाव्यालाही मी आलो नाही. कळलं असतं तरी आलो असतो का, हे छातीठोक सांगता येत नाही. सहावी पास झालेला आणि सातवी पुरी न केलेला माणूस आहे मी, पत्र कसं लिहायचं तेही विसरलोय. तरी लिहितोय. कारण तुमच्याविषयी मी आयुष्यभर एक खोटं बोलत आलो, आणि आता ते इंग्रजीत, रंगीत अक्षरांत, एका मोठ्या शाळेच्या भिंतीवर लागलं.

माझी नात सातवीत आहे. तिची शाळा सोलापूरच्या बाहेर, बायपासच्या पलीकडं आहे. पिवळी बस सात वाजता येते, आणि ती वेळेत येईल का, पोरीनं पाण्याची बाटली घेतली का, हायवेला ट्रक किती असतात, याचा घोर मला पहाटेपासून लागलेला असतो. सूनबाई म्हणते, "आबा, तुम्ही बसा बरं गप. रोज जातीय ती." त्या शाळेच्या फाटकावर जगाचा गोल काढलाय. सगळ्या जगाचा विचार करणारी मुलं घडवायची, असं त्यांचं म्हणणं. अभ्यासक्रम परदेशातला आहे. त्यात एकच एक पुस्तक नसतं. एक प्रश्न देतात आणि मुलांनी तो घेऊन माणसांकडं जायचं, ऐकायचं, ताडून बघायचं, मग मांडायचं. पहिल्यांदा मला वाटलं, एवढी फी घेऊन पुस्तक न देणं म्हणजे फसवणूकच. पण पोरगी प्रश्न विचारायला शिकली, हे खरं. त्याचाच फटका मला बसला.

यंदा त्यांना विषय होता न्यायाचा. घरातल्या एका मोठ्या माणसावर अन्याय झाला असेल तर तो शोधायचा आणि तक्त्यावर मांडायचा. स्वयंपाकघरात सून भाकरी थापत होती आणि पोरगी माझ्यासमोर मोबाईल ठेवून बसली.

"आबा, तुम्ही शाळा का सोडली?"

मी नेहमीचं सांगितलं. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं होतं, पुढं मुलाला सांगितलं होतं, तेच. "सातवीच्या केंद्र परीक्षेचा माझा फॉर्मच गुरुजींनी भरला नाही."

"का नाही भरला?"

"कोण जाणे."

"असं नाही चालत. दुसरी बाजू लिहावीच लागते. टीचर म्हणतात, समोरचा माणूस त्याच्या जागी बरोबर असू शकतो. एकच बाजू लिहिली तर मार्कच नाहीत."

"अगं, ते वारले कधीच."

"मग त्यांचे शब्द तुम्ही सांगा ना. काहीतरी म्हणाले असतील की!"

तिथं गप्प बसता आलं असतं, गुरुजी. आठवत नाही म्हणता आलं असतं, म्हाताऱ्याला तेवढी मुभा असते. पण पोरगी डोळे लावून बसली होती, सुनेचा भाकरीवरचा हात थांबला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणाले, धनगराच्या पोराला केंद्रात बसवून काय करायचं? मेंढरं मोजण्यापुरतं आलं की बास झालं."

हे वाक्य मी बनवलेलं नाही. ज्यांच्या रानात आमचा कळप खतासाठी बसायचा ते बागाईतदार दरवर्षी माझ्या बापाला हेच ऐकवायचे, आणि बाप मान खाली घालून "व्हय जी" म्हणायचा. गावात असं बोलणारे पुष्कळ होते. न बोलणारे तुम्ही एकटे होता. मी ते वाक्य उचललं आणि नेमकं तुमच्या तोंडी घातलं.

तुम्ही शाळेच्या अंगणात चुन्यानं सगळं जग आखलं होतं. समुद्रात पाय पडला की पोरं "बुडाला, बुडाला" ओरडायची. एक दिवस तुम्ही मला खाली दक्षिणेच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि म्हणालात, "हा ऑस्ट्रेलिया. इथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त." मी म्हणालो, "मग ते आमचंच गाव की, गुर्जी!" सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मग मला विचारत राहिलात, मेंढी आजारी पडणार हे तुला आधी कसं कळतं, लोकर कधी कातरता, पाऊस लांबला तर कळप कुठल्या वाटेनं नेता. मी सांगत होतो आणि तुम्ही फळ्यावर लिहीत होता. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं त्याआधी मला ठाऊक नव्हतं. नातीच्या शाळेत जे एवढ्या यंत्रांनी आणि एवढ्या पैशांनी करतात, ते तुम्ही चुन्याच्या एका घमेल्यावर केलं होतं. हे मी पोरीला सांगितलं असतं तर तिचा सगळा तक्ता त्यावरच झाला असता.

फॉर्म तुम्ही भरला होता. केंद्र सांगोल्याला होतं, तीन रात्री तिथल्या शाळेत मुक्काम. कळप सोडून मी कधी निजलो नव्हतो. तुम्ही गावभर सांगत सुटला होता की हा केंद्रात पहिला येणार. नाही आलो तर? तुमचं हसं होईल, बापाचं होईल. बापाची काही हरकत नव्हती, हेही आज लिहून टाकतो. त्यानं भाकरी बांधून ठेवली होती. पण त्या दिवशी उजाडताना तुमची हाक ऐकली आणि मी वाघरीत, मेंढरांच्या जाळीत, आत शिरलो. दोन मेंढ्यांच्या मधे पालथा पडलो. बापानं मला शिरताना बघितलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला झाकलं.

"पोरगं हितं न्हाय मास्तर. रानात गेलंय."

"एवढ्या लवकर?"

"व्हय. लई लवकर."

तुम्ही म्हणालात, "मग थांबतो." आणि दगडावर बसलात. रस्त्यावर बैलगाडीत बाकीची सहा पोरं ओरडत होती, "गुर्जी, चला की! ऊन व्हायलंय!" मला जाळीतून तुमची चप्पल दिसत होती. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग तुम्ही उठलात आणि बापाला म्हणालात, "गणिताचा पेपर उद्या आहे. उद्या सकाळपर्यंत आणून सोडलंत तरी चालेल. मी दाराशी उभा राहतो." नंतर गाडीतल्या पोरांनी मला सांगितलं, तुम्ही दुसऱ्या दिवशीही उभे होता आणि तिसऱ्या दिवशीही, घंटा होईपर्यंत. परत आल्यावर तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असता, दोन छड्या मारल्या असत्या, तर कदाचित मी पुन्हा बसलो असतो. हेही मी तुमच्यावरच ढकलतोय, बघा.

शाळेत तक्त्यांचं प्रदर्शन होतं, तिथं मला नेसवून सजवून नेलं. नवं धोतर, पटका. हॉलमध्ये आईबाप जमले होते. पोरीनं तक्ता दाखवत इंग्रजीत सांगितलं आणि मग माझ्यासाठी मराठीत. माझी बाजू निळ्या अक्षरांत, तुमची लाल. तुमची बाजू आली तेव्हा तिनं आवाज जाड केला. "मेंढरं मोजण्यापुरतं आलं की बास झालं." एका बाईनं डोळ्याला रुमाल लावला. तिच्या टीचर माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, केवढं सोसलंत." मी हात जोडले. लोकांना वाटलं, नम्र म्हातारा आहे.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या शाळेत नुसतं शिकून सोडत नाहीत, शिकलेल्यावर काहीतरी कृती करावी लागते. पोरीनं ठरवलं की शनिवारी आपल्या गावच्या शाळेत जायचं, तिथल्या मुलांना हा तक्ता वाचून दाखवायचा आणि सांगायचं की कुठल्याही गुरुजींनी असं कधी म्हणू नये. मुलगा सुटी काढून तयार. त्या शाळेत तुमचा फोटो आहे, गुरुजी, हार घातलेला. पोरगी त्याखाली उभी राहून वाचणार. आणि बैलगाडीतल्या सहांपैकी एक जण अजून आहे, रोज शाळेच्या पायरीवर ऊन खात बसतो, त्याचे कान शाबूत आहेत.

आठवडाभर मला झोप नाही. गोळी घेतली का नाही ते आठवेना, दोनदा घेतली. तीन वेळा पोरीला सांगायला गेलो. एकदा नुसताच डाळिंब सोलून देऊन परत आलो. एकदा विचारलं, "समज, एखाद्यानं तुला खोटं सांगितलं असलं, तर गं?"

"मग तक्ता फाडायचा, परत करायचा. आणि ज्याच्याविषयी खोटं सांगितलं त्याची माफी मागायची."

"आणि खोटं सांगणाऱ्याचं?"

तिनं जरा विचार केला. "त्याला विचारायचं, का सांगितलं. त्याची पण बाजू असणारच ना." मग हसली. "कोण हो आबा? पप्पा का?"

"न्हाय गं," मी म्हणालो, "आपलं उगीच."

तिनं मला धारेवर धरलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. तिनं ऐकून घेतलं असतं. तरी जीभ उचलली नाही. या तक्त्याच्या आधी ती माझ्याशी फारसं बोलत नव्हती. जेवताना मोबाईल, मग खोलीचं दार बंद. आता शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या खाटेवर बसते. रस्ता ओलांडताना माझा हात धरते. ज्याच्यावर अन्याय झाला त्या पोराचा हात धरते ती. माझा नव्हे.

शनिवारी सकाळी, गाडी दारात आल्यावर, मी छातीत दुखतंय म्हणालो. मग धावपळ, सात रस्ता चौकाजवळच्या डॉक्टरकडं नेलं, पट्ट्या लावून कागद काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाचं आहे, आराम करा. जाणं पुढं ढकललं. मुलाची सुटी वाया गेली. पोरीनं गावाला न्यायचा तक्ता आणून माझ्या खाटेसमोर भिंतीला चिकटवला, मला बरं वाटावं म्हणून. म्हणाली, "आपण दिवाळीनंतर जाऊ. वाचून दाखवू का आबा?"

मी म्हणालो, "वाच."

तिनं वाचलं. लाल अक्षरांपाशी येऊन पुन्हा तो जाड आवाज काढला, भुवया आवळल्या, बोट नाचवलं. पुढचे दोन-तीन दिवस पाहुणे येत राहिले आणि प्रत्येकाला ती वाचून दाखवत राहिली. मी पडल्या पडल्या ऐकत होतो.

हे पत्र मी तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. कुठं टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि तिच्या हाती देण्याची हिंमत नाही. गादीखाली ठेवीन म्हणतो. दिवाळी अजून लांब आहे. काल एकटाच होतो तेव्हा तुम्ही दगडावरून उठून जे बोलला होता ते मनात म्हणून पाहिलं. शब्द सगळे आठवले, एकही चुकला नाही. पण ऐकू आले ते पोरीच्या त्या जाड आवाजात. तुमचा आवाज कसा होता, गुरुजी, ते आता मला आठवत नाही.