साहेबाचे एकोणीस दिवस

सोमवार, २ फेब्रुवारी
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि खोलीला चक्क दोन खिडक्या. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये लागले असं आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे गुरंढोरं का? म्हटलं, नाही, सरडे. मग तिनं विचारलं, जेवलीस का?

इथल्या डॉक्टर मॅडमकडे पाळीव सरडे लांबलांबून येतात. रंग पालटणारे, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारे. आज एकानं एका डोळ्यानं मला न्याहाळलं आणि दुसऱ्यानं भिंतीवरच्या माशीला. माशी जिंकली.

५ फेब्रुवारी
काम आवडलं. दर सहा महिन्यांनी मालक डबीत विष्ठेचा ताजा नमुना आणतात, वाटाण्याएवढा. तो मिठाच्या दाट पाण्यात कालवायचा, गाळायचा, नळीच्या तोंडावर पातळ काच ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं. जंतांची अंडी असली तर तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. मग ती काच मायक्रोस्कोपखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत बघायची. मॅडमनी बजावलंय, सरडा दुखणं लपवतो. तो दाखवेपर्यंत उशीर झालेला असतो.

१३ फेब्रुवारी
आज डब्यांचा नुसता ढीग. शेवटची वेणीवालीची. चाळिशीची बाई, एकटी राहते, जाड वेणी पुढे घेऊन बसते. तिच्या सरड्याचं नाव साहेब. आणखी पंधरा मिनिटं थांबले असते तर बस गेली असती. साहेब कसला धडधाकट, टोळ गट्टम करतोय. रिपोर्टवर लिहून टाकलं, ‘काही आढळले नाही.’ काच पाहिली नाही, उद्या पाहीन. एका दिवसानं काय बिघडतंय?

४ मार्च
साहेब गेला.

वेणीवाली रडली नाही. वही उघडून तिनं वाचून दाखवलं. रिपोर्टनंतर तिसऱ्या दिवशी त्यानं टोळाकडे पाठ फिरवली. सातव्या दिवसापासून भर उजेडात डोळे मिटलेले. बाराव्या दिवशी पकड सुटून फांदीवरून पडला. रिपोर्ट चांगला होता, म्हणून ती आपली पिंजऱ्यातले दिवेच बदलत राहिली. एकोणिसाव्या दिवशी संपला. मॅडमनी पोट उघडलं तर जंतांनी गच्च.

तिनं मला एवढंच विचारलं, काच पाहिली होतीत ना? मी डोळ्यांत डोळे घालून हो म्हणाले.

७ मार्च
वेणीवाली आली होती, डब्यात पपईच्या फोडी घेऊन. तुमच्यावर राग नाही म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं! शेवटची फोड संपेपर्यंत समोर बसून राहिली.

१९ मार्च
तीन दिवस अन्न नकोसं झालंय. पोटात काहीतरी सरकतं. मॅडम वडिलांच्या आजारपणासाठी परगावी, म्हणून माझाच नमुना आमच्या मायक्रोस्कोपखाली पाहिला. चाळिसापर्यंत मोजली अंडी. मग सोडून दिलं.

२० मार्च
गावातल्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, सरड्यांच्या दवाखान्यातली काच मला नको, माणसांच्या लॅबचा रिपोर्ट आणा. गावात लॅब एकच. नमुना घ्यायला खिडकीत वेणीवाली. ती तिथेच काम करते. मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. ‘काही आढळले नाही.’ खाली तिची सही.

२३ मार्च
दुकानातून जंतांच्या गोळ्या आणून घेतल्या. उपयोग शून्य. अंडी वाढलीत. डॉक्टरांनी दुसरा रिपोर्टही स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मनाचे खेळ, म्हणाले. झोपेची गोळी दिली.

दिवसा डोळे उघडत नाहीत. अन्न नकोसं झाल्यापासून आज सातवा दिवस.

२५ मार्च
तिला पपईबद्दल विचारलं. म्हणाली, साहेबाच्या शेवटच्या दिवसांतली डबी मी फेकली नव्हती.

वही घेऊन रोज माझ्या खोलीवर येते. खाटेशी बसते. आज काय काय झालं, विचारते. लिहून घेते.

२८ मार्च
हातातून पेला सुटला. मग भिंतीचा आधार — तोही सुटला. फरशीवर पडून राहिले. ती आली. उचललं नाही. वेळ लिहिली.

३० मार्च
आज सगळं कबूल केलं. बस, घाई, न पाहिलेली काच. पाया पडले तिच्या. म्हटलं, ताई, एकदा तरी बघा — माझी काच एकदा नीट बघा.

तिनं माझा नमुना नेला.

१ एप्रिल
बघितली म्हणाली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. अर्धा तास. खूप आहेत गं, म्हणाली. पहिल्यांदाच मला गं म्हणाली — वाटलं, सुटले —

मग माझ्यासमोरच पेन काढलं. ‘काही आढळले नाही.’ शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

आईचा फोन वाजतोय. बोटं मिटत नाहीत —

४ एप्रिल
ती घरी गेली. दार नुसतं लोटलंय. कडी नाही.

परगावी दुसरी लॅब आहे. सकाळची गाडी — रस्त्यापर्यंत गेले तरी कुणीतरी —

खाटेवरून खाली. कोपरावर सरकत —

उंबरा. अजून दोन हात. आत काहीतरी — वर येतंय, घशा