टेकडीवर नेलेले दोन राजीनामे

प्रिय उत्तरा,

पत्र पाहून घाबरू नकोस, माझी प्रकृती ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? शिवाय हे तुझ्यासमोर बसून सांगायची माझी छातीही नाही.

काल तुझा अपूर्व आला होता. वीज कंपनीतली कायमची नोकरी सोडून ए.आय.च्या कुठल्याशा नव्या कंपनीत जायचं म्हणतो. त्यावरून तुम्हा मायलेकांचं बोलणं बंद आहे, हेही त्यानेच सांगितलं. तर्री-पोहे खाता खाता त्याने मोबाइलवर आलेख दाखवले. सगळ्या रेषा वर जाणाऱ्या. "मामा, पाच वर्षांत नागपुरात पैसाच पैसा येऊन राहिला, पाहा तुम्ही," म्हणाला. कोण म्हणतं, असं विचारलं तर तज्ज्ञांची ही यादी! मी चष्मा पुसत बसलो. दोन हजार साली अशाच रेषा मी वर्तमानपत्रातून कापून तुला दाखवत होतो.

अमेरिकेतले डॉक्टर बोलणार, आपण इथे हेडफोन लावून ते टाइप करणार, लाखो माणसं लागणार, असं तेव्हा जो तो सांगत होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐट जाणकाराची. तुझं इंग्रजी त्या शाळेत वाया चाललंय, असं मी तुझ्या डोक्यात भरवलं. चांगली अनुदानित शाळा, मुली तुझ्यावर जीव टाकायच्या. शाळेचे शिपाई रुपराव तुला फाटकात अडवून म्हणाले होते, "काहून सोडून राहिल्या मॅडम? पोरी रडून राहिल्या न तिकडे." तू घरी येऊन हे हसत सांगितलंस, आणि मीही हसलो.

दोघांनी एकदमच नोकरी सोडायचं ठरलं होतं. मंगळवारी टेकडीच्या गणपतीपुढे आपण दोघांचे राजीनामे ठेवले, गुरुजींनी दोन्हींवर कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी तू तुझा कुंकवासकट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आलीस. अकरा महिन्यांत ते हेडफोनवालं ऑफिस बंद पडलं. शाळेत तुझ्या जागी दुसरी बाई आली होती. मग तू सासरी, जितेंद्ररावांच्या पारशिवनीला गेलीस आणि आजवर ओसरीत शिकवण्या घेते आहेस. मला एका शब्दाने कधी बोलली नाहीस.

माझ्या ऑफिसच्या साहेबांनी माझा राजीनामा मंजूरच केला नाही, असं मी तुला सांगितलं होतं. उत्तरा, ते खोटं होतं. मी तो दिलाच नाही. त्याच दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर अर्धा तास बसलो आणि आत जाऊन दोन दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन परत आलो. संध्याकाळी तूच माझी समजूत घालत होतीस, "दादा, वाईट वाटून घेऊ नको, तुझीही वेळ येईल." त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तर तू सकाळी शाळेत जाऊन तुझा कागद परत घेतला असतास. मी चहा पीत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. मला माफ कर, असं म्हणायलाही पंचवीस वर्षं उशीर झाला.

अपूर्वने जावं की राहावं, मला सांगता येत नाही. यावेळचं भाकीत खरंही होईल. माझा विश्वास उडालाय, तो माझ्याच करणीने. त्याने एवढंच विचारावं, की हे सांगणाऱ्यांपैकी स्वतःची खुर्ची कोणी सोडली आहे का. सोमवारी तो राजीनामा देणार आहे. "आई तुमचंच ऐकते मामा, परवानगी द्यावी म्हणून दोन ओळी लिहून द्या न," असं म्हणून तो माझ्याकडे आला होता. त्या दोन ओळींच्या जागी हे लिहिलं. त्याच्याच हाती देतो आहे, पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तुझ्याआधी तो वाचेल. वाचू दे.

तुझाच,
दादा