एका उंबरठ्यासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, रत्नपाल बकाराम उके, वय वर्षे छप्पन्न, धंदा माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार मुर्री, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. येत्या बुधवारी नागपूरला ते उघडून दुरुस्त करायचे ठरले आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात आणि म्हणतानाच सहा कागदांवर सह्या घेतात. सातवा कागद मी आपणहून लिहितो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी अल्का अधूनमधून डोकावून "मृत्युपत्र लिहून राहिले का पाठ्यपुस्तक?" असे विचारते, त्याला कायद्याने दबाव समजू नये.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. शेजारी उमेंद्र बिसेन राजी आहेत. दुसरी जागा मी शालिकराम झाडे याच्यासाठी रिकामी ठेवली आहे. शालिकराम आमच्या गावचा सुतार आणि पहिलीपासूनचा माझा मित्र. गेल्या दोन वर्षांत तो माझ्या अंगणात आलेला नाही. त्याचे कारण कलम चारमध्ये आहे. ते वाचून तो उठून जाईल, हा धोका मला मान्य आहे. पण ते वाचल्याशिवाय त्याने सही करू नये.

कलम १. राहते घर, मागची मोकळी जागा, बँकेतली शिल्लक आणि नोकरीचे जे काही येणे असेल ते सर्व अल्काला. तिने सव्वीस वर्षे सालेकसा तालुक्यात परिचारिका म्हणून पायपीट केली. घराच्या निम्म्या विटा तिच्याच पगाराच्या आहेत. त्या तिला देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून उरलेल्या निम्म्या देतो.

कलम २. माझा संस्कृत कोश, दोन्ही खंड, धाकटा भाऊ बुद्धभूषण यास. आपल्या घरच्या माणसाने पाली सोडून संस्कृत काऊन शिकावे, हे त्याने मला तीस वर्षे विचारले. मी दर वेळी निराळे उत्तर दिले आणि त्याला एकही पटले नाही. आता त्याने स्वतः शोधावे. कोशाचे वजन सहा किलो आहे. उचलताना कंबर सांभाळावी. उरलेली पुस्तके मुलगी खुशबू हिला. ती वाचणार नाही हे ठाऊक आहे, पण ती विकणारही नाही हेही ठाऊक आहे.

कलम ३. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली चाकांवरची खोली, जिला अल्का 'डबा' म्हणते, ती अल्काला आणि तिच्या पश्चात खुशबूला. लांबी सात फूट, रुंदी चार फूट, उंची बसून डोके न आपटण्याइतकी. आमची जुनी मारुती तिला सहज ओढते. खालचा सांगाडा लोखंडाचा. भिंती दोन बोटे जाड थर्माकोलच्या. त्यांवर अल्काच्या जुन्या सुती साड्या पांढऱ्या गोंदात भिजवून चिकटवल्या आणि वर घराला देतात तो रंग दिला. ही विद्या मी मोबाईलवर पाहून शिकलो.

हा उद्योग कशासाठी, तेही नोंदवतो. अल्काने आयुष्यभर रान पाहिले ते सरकारी कामाने, आणि दर वेळी अंधाराआधी परतायच्या घाईत. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, एकदा तरी रानात मुक्काम करायचा. मी तंबू सुचवला.

"तंबू नको जी," ती म्हणाली. "मले दार पाहिजे. आतून कडी लागनारं."

म्हणजे बाकी सगळे मी केले आणि अडले ते दारापाशी.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्यासाठीच मी हा कागद लिहायला घेतला.

दाराचे काम शालिकरामला दिले. हलके दार कर, असे मी सांगितले. त्याच्या हिशेबी दार सागाचेच असते. हलके म्हणजे कमी जाडीचे सागाचे. त्याने चौकट केली, दोन उभे खांब, वर पट्टी, खाली उंबरठा, आणि उंबरठा थेट लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळला. मग त्याला हळदकुंकू लावले, तांदूळ वाहिले. मी बौद्धाचा मुलगा, त्यात शिक्षक. हाताची घडी घालून बघत होतो. चाकांवरच्या खोलीचे दार कुठल्या दिशेला धरायचे, असे मी त्याला चिडवलेही. तो म्हणाला, दिशेचं तुझं तू पाह्य, पण उंबरठ्याबिगर दार होत नाही.

मी ते पूजेचे बोलणे समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्का उठायच्या आत मी तो उंबरठा काट्यावर तोलता यावा म्हणून सोडवला. चार किलो भरला. नव्वद किलोच्या डब्यात चार किलोची अंधश्रद्धा नको, असा विचार करून मी करवतीने चौकटीचे दोन्ही पाय तळाशी कापून सपाट केले, वरून रंग ओढला आणि उंबरठा पुस्तकांच्या कपाटामागे सरकवला. कोणालाही सांगितले नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी गल्ली जमली. अल्काने नारळ फोडला. शालिकरामने सगळ्यांदेखत दार उघडले, आणि ते उघडतच गेले. बिजागऱ्या शाबूत, कडी शाबूत, चौकट शाबूत. भिंत मात्र चौकटीसोबत बाहेर आली. अल्काची पोपटी साडी थर्माकोलवरून टराटरा फाटत गेली तो आवाज मला अजून ऐकू येतो. गल्लीने आधी भिंत पाहिली, नंतर दार. मग हसू फुटले. शालिकरामने हत्यारे पिशवीत भरली आणि तो गेला.

त्याचे नाव 'भिंतपाड्या' पडले. चहाच्या टपरीवर लोक त्याला म्हणू लागले, दार बसवून दे बा, पण भिंत आमची राहू दे. मी याच्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. मी त्याच्यावर एक श्लोक रचला आणि व्हॉट्सअॅपवर टाकला. श्लोकात छंदाचा एकही दोष नाही. बाकी सगळा दोषच आहे. त्या वर्षी मुर्रीत दोन नवी घरे झाली. दोन्हींची दारे गोंदियाहून तयार आणली गेली.

दार फार जड होते म्हणून भिंत पडली, असे मला तेव्हा खरोखर वाटत होते. खरे काय ते मला पुढच्या कलमातल्या बाईंनी शिकवले, आणि त्यांना आपण काय शिकवले याचा पत्ता नाही.

कलम ५. घरामागचे बांबूचे बेट तहहयात तोडण्याचा हक्क निर्मलाबाईंना. त्या बाजाराच्या दिवशी पुलाजवळ सुपे-टोपल्या विकतात. अल्काच्या ओळखीच्या. मी त्यांना भिंत गेलेला डबा दाखवला आणि हलके दार करून मागितले. त्यांनी थर्माकोलच्या भिंतीवर बोटाने टकटक केले आणि विचारले, "टीव्ही याच्यातच येते ना, गुरुजी?" मी हो म्हणालो. मग त्यांनी दाराच्या भोकाचे माप वितीने घेतले. मी टेप पुढे केला तो त्यांनी घेतला आणि उन्हात वाळत घातलेल्या कामट्यांवर वजन म्हणून ठेवला.

त्यांनी कामट्यांचे दोन तट्टे विणले, मध्ये थर्माकोल ठेवला आणि चारी बाजूंनी जाड काठ बांधला. दाराला तसा, आणि भोकाला तसाच. मी शहाणपणाने सुचवले, खालचा काठ सोडून द्या, वजन वाचेल. विणता हात न थांबवता त्या म्हणाल्या, "खालचा काठ नसन तं बाकीचे तीन कोनाच्या भरोशावर राहातीन? टोपली उसवते, गुरुजी."

मी तिथून उठलो आणि कपाटामागे सरकवलेल्या लाकडाकडे बराच वेळ पाहत बसलो. शालिकरामने दाराचे सगळे वजन उंबरठ्यावरून लोखंडात उतरवले होते. मी उंबरठा काढून ते वजन थर्माकोलला टांगले होते. हळदकुंकवाखाली काय आहे ते मी पाहिलेच नव्हते.

याचा अर्थ पहिले तीन महिने मी अज्ञानी होतो. नंतरचे एकवीस महिने लबाड.

निर्मलाबाईंचे दार साडेतीन किलोचे झाले. ते एका बोटाने उघडते आणि मिटताना सुपात धान्य पडल्यासारखा मऊ आवाज करते. ते काय आहे हे सांगायला पुढचा प्रसंग लिहिणे भाग आहे. वकील खोडतील, तर अल्काने खोडू देऊ नये.

चैत्रात आम्ही डबा सालेकशाच्या पुढे, चैतराम नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेला. त्याच्या दोन्ही लेकरांच्या जन्माला अल्का हजर होती. चैतराम म्हणाला, कुठेही राहा, फक्त मोहाच्या झाडाखाली राहू नका. मी सावली पाहून मोहाखालीच डबा लावला.

उजाडता उजाडता छपरावर मोहफुले पडू लागली. अल्काने कडीला हात घातला आणि थांबली. दारापलीकडे कोणीतरी श्वास घेत होते. माणसाचा श्वास एवढा मोठा नसतो. अस्वल दाराचा वास घेत होते, खालून वर, सावकाश, ओळ न ओळ वाचल्यासारखे. नाक टेकले तेव्हा दार केसभर आत आले आणि परत आपल्या जागी गेले. त्याच्या आणि आमच्यामध्ये एका बाईच्या हातचे विणकाम होते, एवढेच. मी भीत होतो, पण भीतीहून मोठे काहीतरी मला धरून बसले होते. मी तीस वर्षे वर्गात अरण्यवर्णने शिकवली. त्यांतले एकही त्या वेळी आठवले नाही, आणि त्याचे मला बरेच वाटले. मग पलीकडे फुले खाल्ल्याचा आवाज सुरू झाला, शांतपणे, आपल्याच अंगणात बसल्यासारखा.

चैतरामची माणसे टोपल्या घेऊन, मुद्दाम मोठमोठ्याने बोलत आली, तेव्हा अस्वल निघून गेले. अल्काने दार उघडले. सगळी जमीन फुलांनी पिवळट झाली होती आणि आमच्या दारापुढे चार पावले उमटली होती. ती खूप वेळ दारात बसून राहिली. मग म्हणाली, "हे शालिकराम भाऊजीले सांगाले पाहिजे. भरोशाचं दार पाहिजे, असं तेच म्हणत होते."

मी हो म्हणालो. सांगायला गेलो असतो तर उंबरठ्याचेही सांगावे लागले असते, म्हणून गेलो नाही.

कलम ६. सबब मी जाहीर करतो की, त्या रविवारी पडलेल्या भिंतीचा दोष शालिकराम झाडे याच्याकडे तिळभर नाही. चौकट निर्दोष होती; ती मी कापली. तो श्लोक मी मागे घेतो. माझ्या पश्चात कलम चार आणि हे कलम उमेंद्रने चहाच्या टपरीवर, गर्दीच्या वेळी, मोठ्याने वाचून दाखवावीत. सागाचे दार पेरूच्या झाडाला टेकून आहे, ते शालिकरामला परत करावे. ते त्याचेच आहे, तेव्हा साक्षीदाराला मिळकत दिली असे कोणी म्हणू नये. करवत कोणालाही देऊ नये.

सहीपूर्वीची नोंद. वरील मजकूर संपवून मी उमेंद्रची वाट पाहत असता, आज दुपारी तीनच्या सुमारास उमेंद्रसोबत शालिकराम अंगणात आला. अल्काने मला न विचारता फोन केला होता. त्याने चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. कलम चार त्याने दोनदा वाचले. मी पेरूच्या झाडाकडे पाहत होतो.

तो म्हणाला, "पाय करवतीनं कापले हे मले त्याच दिवशी समजलं होतं. चौकट उलटी पडली, तं टोकं ताजे होते. माया हातचा जोड मले नाई समजंल का, मास्तर?"

मी विचारले, मग तेव्हाच बोलला का नाहीस.

"सारी गल्ली उभी होती. सांगतलं असतं तं तुले हासले असते. सुताराले हासले तं चालते. दुसऱ्या दिवशी तुले वर्गात उभं राहाचं होतं."

मग मी विचारले, तर दोन वर्षे घरी काऊन आला नाहीस.

"आलो असतो तं कधीतरी तोंडातून निघालं असतं," तो म्हणाला.

त्याच्यावर श्लोक फिरत होता, गावात बाहेरची दारे येत होती, आणि हा माणूस माझी चूक दोन वर्षे तोंडात धरून होता. अस्वल दारापाशी होते तेव्हा मी जसा बसलो होतो तसाच आत्ता बसलो आहे. डॉक्टरांनी बुधवारी आत काही वेगळे आढळले तर घाबरू नये.

कलम सहामधले टपरीवरचे वाचन काढून टाक, मग सही करतो, असे शालिकराम म्हणाला. मी नकार दिला. त्याने पेन खाली ठेवले. अल्काने ते उचलून परत त्याच्या हातात दिले आणि चहा ठेवायला आत गेली. कलम कायम आहे. एक दुरुस्ती मी आपणहून केली आहे: वाचन माझ्या पश्चात न होता उद्या सकाळी होईल, आणि मी स्वतः करीन.

येणेप्रमाणे माझ्या इच्छेचा कागद पुरा झाला. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. सह्या सर्वांनी एकमेकांसमक्ष केल्या.

लिहून देणार: रत्नपाल बकाराम उके

साक्षीदार:
१. उमेंद्र बिसेन, मुर्री
२. शालिकराम झाडे, सुतार, मुर्री

साक्षीदार क्रमांक दोनचा शेरा, त्याच्याच हाताने: दार परत नेत नाही. त्याले नवा उंबरठा करून मास्तरच्याच घराले बसवतो. सागाचं लाकूड वाळाले वर्ष लागते. तवपर्यंत मास्तरनं मरू नये.

मुक्काम मुर्री, जिल्हा गोंदिया
दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार