डॉक्टरांनी विचारलेली ओल

प्रिय आत्या,

येत्या गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. अप्पा देवणीहून कालच आले आणि आल्या आल्या त्यांनी मला एकच काम सांगितलं, तुझ्या खोलीतली भिंत झाकून टाक. पाहुण्यांना दिसायला नको, म्हणाले. ते काम माझ्याच्यानं होत नाहीये. का होत नाहीये ते अप्पांना सांगायचा धीर नाही, म्हणून आधी तुला लिहितेय.

तुला वाचता येत नव्हतं. पण माझं प्रत्येक प्रगतिपुस्तक तू हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघायचीस आणि ‘झ्याक हाय’ म्हणायचीस. हे पत्रही तसंच बघ. झ्याक मात्र म्हणू नकोस.

सुट्टी लागली तशी मी नांदेडहून इथं लातूरला आले. आपल्या धाकट्या सुमीला अकरावीसाठी जूनपासून याच घरात राहायचंय. ताईसारखंच आत्याच्या घरात राहून शिकणार, असं ती गावभर सांगत सुटलीय. तिची गादी टाकायची म्हणून मी तुझी खोली झाडायला घेतली. खाट ओढली तर मागच्या भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पॅनलचा कोपरा फुगलेला. सहज धरून ओढला, तर अख्खी पट्टीच हातात आली.

आत्या, मागची सगळी भिंत काळी होती! मध्ये हिरवट, कडेला कापसासारखी पांढरी. आणि सगळ्यात दाट कुठं, सांगू? जिथं तुझी उशी असायची, बरोबर तिथं.

मी सातवीच्या मुलांना बुरशी शिकवते. पावाचा ओलसर तुकडा डब्यात घाला, झाकण लावा, अंधारात ठेवा आणि चार दिवसांनी बघा. दरवर्षी मुलं नाकं दाबून हसतात आणि मी फळ्यावर आकृती काढते. आणि इकडं तुझी भिंत मीच झाकण लावून ठेवली होती. ते पॅनल मी बसवले होते ना!

मी अकरावीला या घरात आले, तेव्हा खिडकीची समोरची खोली तुझी होती. तू ती मला दिलीस आणि स्वतः आतल्या, हौदालगतच्या खोलीत खाट टाकलीस. ‘मला अंधारात लवकर झोप लागती माय,’ म्हणालीस. मी लगेच मान्य केलं. एकदाही ‘नको’ का म्हटलं नाही मी? पुस्तकांची पेटी उचलून सरळ आत गेले.

तो हौद तरी तू किती जपलास! नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न आलेली वर्षं तू काढली होतीस. पुढं पाणी जरा बरं यायला लागलं, तरी तू हौद काठोकाठ भरलेलाच ठेवलास. ताजं पाणी आलं की बाकीच्या बायका जुनं ओतून द्यायच्या. तू त्यांनाच रागवायचीस, ‘पाणी कुठं शिळं होत असतंय का?’ हौदाला तडा गेला होता आणि पाणी भिंतीत मुरत होतं, हे कुणाला कळणार? शेजारच्या काशीबाई पोपडे बघून म्हणाल्या होत्या, ‘लातूरच्या नळाला पाणी न्हाई आन् हिच्या भिंतीला रोज येलालंय!’ त्यावर तू म्हणालीस, ‘ये की घागर घेऊन, भरून देते.’ किती हसलो होतो आपण तिघी!

नवरात्राच्या आधी तू दरवर्षी ती भिंत खरडायचीस. चुन्यात नीळ टाकून पोतारायचीस, हात फाटेपर्यंत. मग वर्षभर चुना अंगाला लागायचा. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या, एकीच्या काळ्या ड्रेसला पाठभर पांढरं लागलं आणि मी तुझ्यावर चिडले. ‘हे खेडं नाही आत्या, शहर आहे,’ असं म्हणाले. कुणाला म्हणाले? डाळमिलमध्ये वर्षानुवर्षं डाळ निवडून मला पदवीपर्यंत नेणाऱ्या बाईला!

नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवाळीला मी माणूस बोलावला आणि एका दिवसात संगमरवरासारखे दिसणारे पॅनल ठोकून घेतले. पोपडे नाहीत, चुना नाही, पुसलं की स्वच्छ. तू बघितलंस आणि म्हणालीस, ‘अगं, हे तर बसस्टँडच्या हॉटेलावाणी झालं.’ आणि नंतर गल्लीतल्या एकेकीला हाताला धरून आणून दाखवलंस. अप्पा अजून गावात सांगतात, माझ्या पोरीनं बहिणीची खोली राजवाड्यावाणी केली म्हणून. ते असं बोलायला लागले की हल्ली मी उठून जाते.

तुला वास येत नव्हता का गं? येत असणारच. माहूरच्या रेणुकेच्या फोटोपुढं तू सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायला लागलीस, दार लावून. मला वाटलं, वयानं भक्ती वाढली. आता वाटतं, तू वास दडपत होतीस. मग मला का नाही सांगितलंस? पोरीनं हौसेनं केलंय, तिला कशाला बोलायचं, असंच ना? तुझा रागही येतो मला. आणि मग वाटतं, मेलेल्या माणसावर रागावण्यापेक्षा एकदा खाट ओढून बघायला माझे हात कुठं गेले होते?

पण ज्यासाठी लिहायला बसले, ते वेगळंच आहे.

तुझा खोकला थांबेना म्हणून मी तुला डॉक्टरांकडं नेलं, तो दिवस आठवतो? बाहेर रांग होती. डॉक्टरांनी भराभर विचारलं. चूल होती का, धुळीत काम केलंय का. मग म्हणाले, ‘ओल वगैरे आहे का?’ आणि तू म्हणालीस, ‘कशाची ओल साहेब! मिरगाला दोन थेंब पडले आन् गेला की पाऊस. भावाचं बियाणं पार वाया गेलं बगा.’

डॉक्टर हसले. मी हसले. शेतकऱ्याची लेक तू, ओल म्हटलं की तुला जमीनच आठवणार. ओल म्हणजे चांगली गोष्ट, देवानं द्यायची, माणसानं वाट बघायची! मग डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, ‘घरात हो, घरात.’ आणि मी, विज्ञान शिकवणारी मी, ताठ बसून म्हणाले, ‘नाही सर. आम्ही पॅनल बसवलेत.’

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक ‘नाही’ लिहिलं असेल.

तू तरी चुकून चुकीचं उत्तर दिलंस. माझं उत्तर काय होतं? खोटं तर नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. पण खरं तरी कुठं होतं?

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या डॉक्टरांकडं गेले. मोबाइलमधला भिंतीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, ‘यानं त्रास वाढला असेल. पण डाळमिलची धूळ, चुलीचा धूर, वय... नक्की सांगता येणार नाही. असेलही, नसेलही.’ मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? ते म्हणाले, ‘खोली बदलायला सांगितलं असतं.’ एवढंच! खोली बदलायची. समोर तर माझी खोली रिकामीच पडली होती, मी नांदेडला गेल्यापासून.

घरी येऊन मी खराटा घेतला आणि ती काळी भिंत झाडत सुटले. रहीमचाचा मिस्त्री हौद बघायला आले, ते दारातच नाकाला रुमाल लावून ओरडले, ‘कोरडं झाडलात का काय ओ ताई? सगळ्या खोलीत उडवून दिलात की!’ बघ, पुन्हा शिकलेलीचीच चूक. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. आधी हौद रिकामा करायचा. नाका-तोंडाला बांधून भिंत भिजवायची, सिमेंटचा गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरडून काढायचा, दारं उघडी टाकायची आणि थांबायचं. मी म्हटलं, जूनच्या आत नवीन गिलावा होईल ना? ते म्हणाले, ‘बिमार माणसाला गोधडीत दाबून ठेवतेत का? वाळू द्या. मग चुना.’

चुना! मला त्यांच्यापुढंच रडू आलं. ते बिचारे घाबरले, म्हणाले, सिमेंट पायजे असलं तर सिमेंट करू.

तुझी गादी मी टाकून दिली. तुझ्या साड्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घातल्या. काही निघाल्या, काहींवरचे काळे ठिपके गेलेच नाहीत. टाकाव्यात की ठेवाव्यात, ठरत नाहीये.

इथवर लिहिलं आणि अप्पा आले. उंबऱ्यावर टेकले.

‘काय लिहलालीस?’

‘आत्याला पत्र.’

‘तिला कुठं वाचता येतंय?’

‘मग तुम्ही ऐका,’ मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. आणि मी सगळं वाचून दाखवलं. बियाण्याच्या ठिकाणी ते ‘हां, ते खरंय’ म्हणाले. मी थांबले तेव्हा उठले, तुझ्या खोलीत गेले, वाकले आणि रहीमचाचांनी खरडलेल्या भिंतीवर खालच्या अंगाला पंजा टेकवून उभे राहिले. पेरणीच्या आधी मातीत हात घालतात, तसे.

‘अजून हाय,’ म्हणाले.

मग हात धोतराला पुसत म्हणाले, ‘कुणाला सांगू नको.’

‘का? माझी चूक आहे म्हणून?’

‘लोकं तुला बोलतील. आन् तिला बी. म्हणतील, पाणी साठवून मेली.’

त्यांनी मला माफ केलं की झाकलं? की तुला झाकलं? मला कळलं नाही, आत्या. विचारायची हिंमतही झाली नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘मग सुमी कुठं झोपल?’

‘समोरच्या खोलीत.’

‘आन् तू आलीस की?’

‘मी पण तिच्याशेजारी.’

‘ही?’

‘ही रिकामी. पूर्ण वाळेपर्यंत कुणीच नाही. यंदा नाही वाळली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.’

‘पाव्हण्यांनी इचारलं तर?’

‘सांगेन.’

ते वळले. अंगणात जाऊन चुलत्यांना फोन लावून पत्रावळीचं बोलत बसले.

आत्या, माझ्यामुळं तू गेलीस का, हे मला कधीच कळणार नाही. काही दिवस मी ‘हो’ धरून जगते, काही दिवस ‘नाही’. दोन्ही दिवशी जेवण तेवढंच जातं, याचीही लाज वाटते.

पण गुरुवारी तुझ्या खोलीचं दार मी उघडं ठेवणार आहे. पॅनल लावणार नाही, पडदाही नाही. कुणी विचारलं तर हौदाचं सांगेन, पॅनलचं सांगेन, डॉक्टरांना मी काय म्हणाले तेही सांगेन. तुझ्यावर ढकलणार नाही. कुणीतरी घरी जाऊन कपाट सरकवून बघेल, एवढं झालं तरी पुष्कळ. आवाज फुटला नाही तर अप्पांकडं बघणार नाही. पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सांगेन. एवढा शब्द तुला देते.

तुझी,
वैशाली