आवडाबाईच्या पडवीतली देवी

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८०५. कोपरी.
आलो एकदाचे! कल्याणहून आगगाडीनं ठाणं, आणि तिथून पायी इथे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण वहीला काय कान आहेत? श्रीपादरावांना सरकारनं देवी टोचायला नेमलंय आणि मिठागरांची गावं त्यांच्या वाट्याला आलीत. आगऱ्याच्या घरातली पडवी भाड्यानं घेतली म्हणून सासूबाईंनी आकांडतांडव केलं. करू देत. पडवी छान सारवलेली आहे, समोर मिठाच्या राशी. घरमालकीण आवडाबाई बोलकी, तिची तान्ही नात सगुणा गोड. मला फार आवडलं इथे.

शुद्ध ९.
टोचून घ्यायला कुणी येईना. कल्याणच्या एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस आणलीय. ती वेळेत दुसऱ्या दंडात गेली नाही तर फुकट जाते. आवडाबाईचं म्हणणं, देवी आपल्या पायांनी येते, तिला सुरीनं ओढून आणू नये. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत दंड पुढे केला आणि म्हटलं, टोचा मला. माझ्या हातांवर जुना इसब, म्हणून श्रीपादराव कां-कूं करत होते. मी ऐकते की काय!

वद्य १.
दंडावर टपोरा फोड आला. तो बघून दोन आया तयार झाल्या! माझ्या फोडातली लस त्यांच्या मुलांना टोचली, उरलेली घेऊन श्रीपादराव पुढच्या गावी गेले. लस थांबत नाही, म्हणून त्यांनाही थांबता येत नाही. इसब मात्र भलताच खाजतोय.

वद्य ४.
ताप. जिथे जिथे इसब, तिथे तिथे फोड. ही काही देवी नव्हे, टोचण्याचाच विकार अंगभर पसरलाय, मला कळतं. आवडाबाईला कोण सांगणार? तिनं दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद केली, मला आंघोळ करू देईना. हाक मारते ती 'आई' म्हणून. मी म्हटलं, माझं नाव सुमती. तिनं हात जोडले.

वद्य ५.
बायका दहीभात ठेवून पाया पडतात. सगुणाला माझ्या पायांशी निजवलं. मी ओरडले, उचला तिला, माझे फोड लागतील! उचललं, पण आई कोपली म्हणून गाल बडवून घेतले. श्रीपादरावांना बोलवा म्हटलं, तर आवडाबाई म्हणते, आईला नवरा कुठला? किती मायेनं म्हणाली. मला तिच्या मायेचीच भीती वाटते.

वद्य ६.
डावा डोळा उघडत नाही. म्हणे तापात मीच बोलले, खाडीपलीकडे पोचवा, पोरं राखीन. मी? आठवत नाही — बाहेर सूप, खण, हिरव्या बांगड्या. देवीची बोळवण. देवीला शिवेपलीकडे ठेवून येतात, मागे वळून बघत नाहीत. पलीकडे नुसता चिखल आणि तिवरांची झाडी. भरती आली की —

वद्य ७.
ढोल. डोली पडवीला लागली — आवडाबाई रडत रडत माझी ओटी भरतेय. मी नाही म्हणाले. किंचाळले. ती म्हणाली, जाताना आई असंच करते, तिचा पाय निघत नाही —
जितकं नाही म्हणावं तितक्या बायका जास्त रडतात.
डाव्या हातानं खांब धरलाय, उजव्यानं लिहितेय. मी वर दिला नाही. मी कुणाची आई नाही. टोचून घेतलं ते बरंच केलं, पुन्हा घेईन — मी सुमती. चौघांनी ओढलं तरी सोडणार नाही हा खां